नाव न सांगता दिलेली पुडी

हे लिहायचं मी आठ वर्षं टाळलं. टाळण्यासाठी दर वर्षी नवं कारण शोधलं, आणि त्यात जेवढी बुद्धी घातली तेवढी नोकरीत घातली असती तर मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो असतो. आधी म्हणालो, लेकीच्या सासरचा मामला आहे, आपण बोललो तर तिला ऐकून घ्यावं लागेल. मग म्हणालो, व्याही हयात आहेत, त्यांच्या अब्रूचा प्रश्न आहे. व्याही गेले तेव्हा म्हणालो, गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं. यंदा कारणं संपली. शिवाय बायको म्हणाली, "आता तुम्ही जायच्या आधी लिहा, म्हणजे झालं." तिचं बोलणं असंच असतं.

शहाद्याच्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. अंधश्रद्धेवर दर वर्षी माझं एक भाषण ठरलेलं असायचं. स्टेजवर लिंबू कापून त्यातून रक्त काढायचो, मुलं किंचाळली की सुरीला लावलेलं मिथिल ऑरेंज दाखवायचो. टाळ्या पडायच्या. भाषणात एक वाक्य ठरलेलं होतं : "जो आपल्या औषधाचं नाव सांगत नाही, त्याचं औषध घेऊ नका." हे वाक्य मी घसा ताणून म्हणायचो. आमच्याकडे झाडपाल्याचं औषध देणारा त्याचं नाव सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. नाव फुटलं की गुण जातो, अशी समजूत. मला त्या समजुतीचा फार राग.

निवृत्त झालो आणि झोप उडाली. म्हणजे मी तरी तसं जाहीर केलं. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "जेवल्यावर दोन ते पाच घोरतो तो कोण? शेजारचा?" पण दुपारची झोप मी हिशेबात धरत नसे. पुण्याच्या भाच्याने एक बाटली पाठवली. आत पांढऱ्या कॅप्सूल. बाटलीवर चंद्र काढलेला आणि नाव ट्रिप्टोफॅन.

नाव वाचून मी हरखलो. हे ॲमिनो आम्ल मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. प्रथिनांची घडण ज्या विटांनी होते त्यातली ही एक वीट. शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. दुधातून, डाळीतून, शेंगदाण्यातून मिळवतं. मग तिच्यापासून मेंदूत सेरोटोनिन तयार होतं आणि पुढे झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन. म्हणजे हे औषध नव्हेच, डाळच ती, फक्त दाट केलेली. असं मी बायकोला समजावलं. ती म्हणाली, "मग डाळच खा ना दोन वाट्या."

मी कॅप्सूल सुरू केल्या आणि त्याच आठवड्यात, बायकोच्या धाकाने, दुपारची झोपही बंद केली. झोप झकास लागू लागली. एका प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आठवीच्या पहिल्या पाठात असतं. मी दोन बदलल्या आणि सगळं श्रेय बाटलीला दिलं. त्यानंतर महिनाभर गावात जो भेटेल त्याला मी झोपेबद्दल विचारत असे. लोक मला पाहून रस्ता ओलांडू लागले होते, हे मला नंतर कळलं.

रस्ता न ओलांडणारा माणूस एकच. माझे व्याही. लेकीचे सासरे. कळसाडीला त्यांची केळी आणि ऊस. उंच, कमी बोलणारा माणूस. आमची व्याहीण त्याआधी दोन वर्षं गेली तेव्हापासून ते आणखीच गप्प झालेले. मी लेकीकडे गेलो की ओट्यावर आम्ही दोघं बसायचो, तंबाखूची डबी मध्ये. एकदा मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय याही, झोप कशी?" आमच्या अहिराणीत व्याही म्हणजे याही.

"डोयाले डोया लागस नही," ते म्हणाले. "पहाटलोंग छत देखस."

पहाटेपर्यंत जागे, म्हटल्यावर मी लगेच बाटलीचं पुराण लावलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नही भो. आते अजून एक गोयी नको. गोया खाई खाई तोंड कडू व्हई गयं."

अजून एक. हे दोन शब्द माझ्या कानावर पडले आणि निघून गेले. कोणत्या गोळ्या खाता, कशासाठी, कोणी दिल्या, असं एकाही वाक्यात मी विचारलं नाही. एकतीस वर्षं मुलांना 'प्रश्न विचारा' सांगणाऱ्या माणसाला व्याह्याचा नकार तेवढा ऐकू आला, आणि तो माझ्या विज्ञानाचा अपमान वाटला.

घरी येऊन मी विचार केला. हा माणूस गोळी खाणार नाही, पण पुडी खाईल. गावठी पुडीवर त्यांचा जन्माचा विश्वास. मग काय, मी स्वयंपाकघरात बसून कॅप्सूल उघडल्या, पांढरी पूड सुंठ आणि बडीशेपेच्या चूर्णात खलली आणि वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधल्या. गाळणकागद दुमडायचा हात होताच. पुड्या इतक्या सुबक झाल्या की माझ्याच मनात आलं, एकदोन घडी वाकडी केली पाहिजे, नाहीतर संशय येईल. केलीही. बायकोने ओट्यावरची कॅप्सुलांची रिकामी टरफलं पाहिली. "हे काय उद्योग?"

"प्रयोग," मी म्हणालो.

कळसाडीला जाऊन मी व्याह्यांच्या हातात पुड्या ठेवल्या. "झाडपाल्याचं आहे. एका जाणत्याकडून आणलंय. निजताना कोमट दुधात एक पुडी. आणि याही, नाव विचारायचं नाही, कोणी दिलं तेही कोणाला सांगायचं नाही. गुण जातो."

त्यांनी पुडी कपाळाला लावली. मला तेव्हा हसू आलं होतं. ते हसू मला आजही आठवतं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "थोडं थोडं लागस झोप." मी म्हणालो, मग दोन पुड्या घ्या. प्रत्येक पुडीत दोन कॅप्सूल होत्या. म्हणजे माझ्या स्वतःच्या चौपट. पण डाळच ना ती, दाट केलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. आबा, म्हणजे व्याही, शेतातून आले ते थरथर कापत. घामाने सदरा भिजलेला, अंगात ताप, जुलाब सुरू. खाटेवर बसवत नाही, झोपवत नाही, पाय आपोआप झटके देताहेत. त्यांना शहाद्यालाच दवाखान्यात आणत होते. मी त्यांच्या आधी तिथे पोहोचलो.

डॉक्टर तरुण होते, पण प्रश्न विचारायचे. त्यांनी व्याह्यांचा गुडघा ठोकला, पाय उडाला तो उडतच राहिला. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. मग मुलांना बाहेर काढलं. मला म्हणाले, "तुम्ही मास्तर ना? थांबा, हे घाबरलेत, ओळखीचं कोणी हवं." मग व्याह्यांना विचारलं, "आजोबा, कसल्या गोळ्या चालू आहेत? खरं सांगा."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. आणि सांगितलं. सुरतेला जातो, लेकांना सांगतो कापडबाजारात काम आहे. तिथे मनाचा डॉक्टर आहे. बायको गेल्यापासून जगायची इच्छा राहिली नव्हती. त्याने रोजची एक गोळी दिली आहे. तंबाखूच्या डबीत खालच्या खणात ठेवतो.

डॉक्टर म्हणाले, "गोळी चांगली आहे, त्यात लाज नाही. पण एवढ्याने असं होत नाही. तिच्या जोडीला दुसरं काहीतरी पोटात गेलंय. मेंदूत सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढलं की असं होतं. आणखी काय घेता?"

"पुडी," व्याही म्हणाले.

"कसली?"

"नाव सांगता येत नही, साहेब."

"कोणी दिली?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दात वाजत होते, तरी माझं नाव काढलं नाही. मी त्यांना जे बजावलं होतं ते त्या तापातही पाळत होते. माझ्यापासून दीड हातावर डॉक्टर उभे होते. मी 'ट्रिप्टोफॅन' एवढा एक शब्द उच्चारला असता तर त्यांना अंदाज बांधत बसावं लागलं नसतं. मी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता.

दोन दिवस सलाइन, सगळी औषधं बंद, नर्स दर तासाला ताप पाहायची. व्याही वाचले. त्यात माझा काही हात नाही. त्या दोन दिवसांत मी घरी जाऊन भिंग घेतलं आणि ती बाटली पहिल्यांदा नीट वाचली. चंद्राच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : मानसिक आजाराची किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पुढे जे कळलं ते असं की, असल्या उदासीच्या गोळ्या, काही तीव्र वेदनाशामकं, अर्धशिशीची काही औषधं, यांच्याबरोबर ट्रिप्टोफॅन घातक ठरू शकतं. धडधाकट माणसालाही त्याने मळमळ, सकाळची गुंगी होऊ शकते. काहींना थोडा फायदा होतो, पुष्कळांना होतही नाही. डाळीतलं वेगळं आणि बाटलीतलं वेगळं; डाळ खाताना शरीर आपल्या वेगाने घेतं, बाटली एकदम ओतते. हे सगळं मला रसायनशास्त्रावरून आधीच सुचायला हवं होतं. मला पुडी बांधायचं सुचलं.

इथवरची गोष्ट मूर्खपणाची आहे. ती सांगायला आठ वर्षं लागली नसती.

डॉक्टरांनी मुलांना एवढंच सांगितलं की कुठलीतरी गावठी पुडी पोटात गेली, ती बंद करा. सुरतेच्या गोळीबद्दल बोलायचं नाही असं व्याह्यांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. लेकीला उशाखाली एक पुडी सापडली, वर्तमानपत्रात बांधलेली. जावयाने ती उलटसुलट पाहिली आणि त्याला आठवलं : मागच्या बाजाराला आबा त्या मुळ्यावालीसमोर बराच वेळ बसले होते.

शहाद्याच्या आठवडे बाजारात धडगावकडची एक पावरा आदिवासी बाई मुळ्या, साली, बिया घेऊन बसायची. माझ्याच वयाची असेल. जागा ठरलेली, मडकीवाल्यांच्या पलीकडे, कडुनिंबाखाली. माझा आणि तिचा जुना वाद. मी जाता-येता विचारायचो, "काय बाई, आज तरी नाव सांगशील का?" ती हसायची, पान थुंकायची आणि म्हणायची, "मास्तर, तू पोरंले शिकाड. मले नको."

"मामा, तुम्ही चला," जावई म्हणाला. "तुम्ही शिकेल माणूस. तुम्ही बोला तिले."

गेलो. नाही म्हणायला मला एक पाऊल मागे घ्यायचं होतं, पण मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला ते कुठून जमणार? असा विनोद मी पुढे स्वतःशी पुष्कळदा केला. त्याने काही हलकं झालं नाही.

जावयाने तिच्यापुढे पुडी आपटली. "हाई काय शे? मन्हा बापले काय खावाडं तू?"

तिने पुडी उचलली, हुंगली. "सुंठ शे. बडीशेप शे. बाकीनं मन्हं नही." मग शांतपणे म्हणाली, "तुन्हा बाप बसना व्हता आठे. झोपनं मांगे. मी ईचारं, डाक्टरनी गोयी चालू शे का? तो बोलना, शे. मंग मी त्याले काहीच दिधं नही."

"खोटं बोलस!" जावई ओरडला. "मन्हा बाप कोनतीच गोयी खास नही!"

तोवर पन्नासेक माणसं जमली होती. त्यात ती खरं बोलते आहे हे माहीत असलेला माणूस एकच होता. तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखीचा म्हणून पाहिलं असेल.

"मास्तर, तू सांग ना."

मी सांगितलं. मी भाषण केलं. जे आपल्या औषधाचं नाव सांगत नाहीत त्यांच्याबद्दलचं, घसा ताणून. आवाज छान लागला होता. मधे एकदा माझे जुने विद्यार्थी दिसले आणि मी वाक्य थोडं सजवलंही. लोक माना डोलवत होते. कोणीतरी मागून तिच्या गोणपाटाला लाथ मारली आणि बिया मडक्यांपर्यंत उडाल्या. ती खाली वाकली. मातीतून एकेक बी वेचत राहिली, आणि मी भाषण संपवूनच थांबलो.

पुढच्या बाजाराला कडुनिंबाखाली कोणी प्लास्टिकच्या चपला मांडल्या होत्या. त्यानंतर ती शहाद्याला दिसली नाही.

व्याही बरे होऊन घरी आले तेव्हा मी भेटायला गेलो. ओट्यावर आम्ही दोघंच. ते म्हणाले, "पुडी कोनी दिधी, मी सांगं नही."

मी म्हणालो, "गोळीचं मीही नाही सांगितलं."

"मंग बरोबर," ते म्हणाले.

मग मी बाजारात काय झालं ते सांगितलं. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, "याही, दवाखानामा येवाना पहिले मले जगमा दोनच जनंसनी ईचारं. सुरतना डाक्टर, अन् ती बाई." आणि मग, "तिले सांगाले पाहिजे आपन."

"पाहिजे," मी म्हणालो.

तिला सांगायचं म्हणजे दोन म्हाताऱ्यांनी आपापलं गुपित चौकात मांडायचं. त्यांचं गुपित दुखण्याचं होतं, माझं भित्रेपणाचं. पण दोन्ही एका धाग्याने बांधलेली. एक ओढलं की दुसरं बाहेर. आम्ही पाच वर्षं दर भेटीत 'पाहिजे' म्हणत राहिलो. मग ते हृदयविकाराने गेले. माझ्या पुडीचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे मी दोन डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतलं, यावरून मी किती धीराचा माणूस आहे ते कळेल.

यंदा लेकीला आणि जावयाला मी सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "अप्पा, तुम्ही माझ्या नावावर लपलात." "आबा एकला सुरतले जायेत," जावई म्हणाला, "मले सांगतात तर मी संगे जातू." मग म्हणाला, "लिखा मामा. गोयीनं बी लिखा. अन् मी त्या दिन काय करं तेबी."

तिचा पत्ता लागायला वेळ लागला. धडगावच्या बाजारात बसते, असं जीपवाल्याने सांगितलं. काळीपिवळी जीपमध्ये दहाव्या माणसाच्या मांडीवर अर्धा बसून मी घाट चढलो. वाटभर वाक्यं पाठ करत होतो. पहिलं वाक्य फार पुस्तकी झालं, ते खोडलं. दुसऱ्यात 'परिस्थिती' आली, तेही खोडलं.

ती होती. अर्ध्याहून कमी झालेली, दात गेलेले. मी समोर उकिडवा बसलो. तिने वर पाहिलं. ओळखलं की नाही, मला कळलं नाही.

"काय व्हयनं?" तिने विचारलं.

माझ्या तोंडातून काही निघेना. कपाळाला घाम, एक हात पोटावर. तिने माझी अवस्था नीट निरखली, कोणत्या गोळ्या घेतो ते विचारलं. रक्तदाबाची, मी म्हणालो. तेवढं मात्र स्पष्ट बोलता आलं. तिने एका फडक्यातून चिमूटभर चूर्ण काढलं. "पोट साफ नही तुन्हं," म्हणाली. "ले. डाक्टरले दखाडी मंग खा."

माफी मागायला गेलो आणि जुलाबाचं औषध घेऊन खाली उतरलो. बायको हसली, मग हसायची थांबली आणि म्हणाली, "पुन्हा जा."

दीड महिन्याने पुन्हा गेलो. तिच्या जागेवर दुसरी बाई भाजी विकत होती. ती म्हणाली, तिच्यानं आता उतरवत नाही. पाडा डोंगराच्या पलीकडे, जीप जिथे थांबते तिथून पायी, दोन नाले पार करून. मी विचारलं, किती लांब. तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि भाजीवर पाणी शिंपडू लागली. जीप थांबते तिथवर मी गेलो. पायवाटेवर पहिल्या चढापर्यंत गेलो, आणि तिथे एका दगडावर बसून परत फिरलो.

त्या दगडावर मात्र वाक्य जमलं होतं. शाळेच्या मराठीत ते पुन्हा भाषणच झालं असतं, म्हणून घरच्या बोलीत केलं. समोर कोणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हणून पाहिलं :

बाई, ती पुडी मन्ही व्हती. तू खरं बोलनी, अन् त्या गर्दीमा ते मले एकलाले माहीत व्हतं. तू मले सांग म्हनी, अन् मी खोटं सांगं. मले माफ कर.